खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

मंडळी, आज खंडेनवमी. कोयता-विळ्यासोबत पूजेला मांडायचा म्हणून मी घरातला लिनक्स सर्व्हरही बंद केला. आमच्या शाळेची वेबसाइट त्याच्यावरच चालते. इन्व्हर्टरच्या जिवावर तो वर्षभरात एकदाही बंद पडला नव्हता.

सूनबाईनं मशीनच्या कॅबिनेटला हळदकुंकू लावलं. पूजा झाली, मशीन चालू केलं, तर वेबसाइट उघडेचना.

शेजारच्या बायका पूजेला आलेल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी खेकसलो, "कुंकू आत सांडलं व्हय? काहून एवढं फासून राहिली?"

"मामा, वरच्या पत्र्यालाच बोट लावलं मी," ती हळूच म्हणाली.

कॅबिनेट खोललं. आत कुंकवाचा कण न्हाई. मग मशीनच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाहिला आणि घोटाळा कळला. गेल्या वर्षी वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे वेब सर्व्हर, मी हातानं सुरू केला होता. मशीनसोबत तो आपोआप सुरू व्हावा, ही सेटिंग करायची मीच विसरलो होतो. एका कमांडमध्ये काम झालं.

"झालं चालू," एवढंच बोललो. चूक कुणाची, ते गिळून टाकलं. निघताना त्यातली एक शेजारीण सूनबाईला म्हणाली, "पुढच्या साली जपून लाव गं बाई." ती मान खाली घालून उभी राहिली, आणि मी स्क्रीनकडं बघत बसलो.

सेटिंग दुरुस्त केली, पण सूनबाईवरचा आळ तसाच राहिला. आता उठतो, शेजारणीला बोलावतो आणि तिच्यादेखत सूनबाईची माफी मागतो.

तुमच्यापैकी कुणी सुनेपुढं हात जोडलेत का? पहिलं वाक्य काय बोललात?