रिकाम्या डब्यांच्या वर्गातल्या वानखडे मॅडम

आणि वरून मलाच म्हणतात, "कुसुमताई, नाटकं करू नका, खाली सही मारा!" मी नाटकं करत नाही. मी चौथी शिकलेली बाई, वांगी-मिरची लावते, नाटकाला मला वेळ नाही. पण वानखडे मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात ज्या लेखाखाली माझं नाव छापायचं तो लेख मी लिहिलेला पाहिजे, एवढं गौरव समितीला समजायला काय अवघड होतं? समितीचे सचिव प्रकाशभाऊ, शाळेत मॅडमच्या हाताखाली शिकलेले. ते टाइप केलेले दोन कागद घेऊन माझ्या ओसरीवर आले.

"कोनं लिवलं हे?" मी विचारलं.

"एका प्राध्यापकानं. तुमच्या नावानं. लय भारी लिवलं, वाचून डोयात पानी येते."

"त्याले मॅडम मालूम हायेत का?"

"नाही. पन म्या सांगतलं ना त्याले सारं."

मी कागद वाचले. हळू वाचते, पण वाचते. त्यात मॅडम ज्ञानगंगा होत्या, दीपस्तंभ होत्या, आणखी काय काय होत्या. तिथपर्यंत चालून जाईल. दुसऱ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'अमृतमहोत्सवाच्या शुभप्रसंगी मॅडमचा महिला इंग्रजी वर्ग कृतार्थ होऊन समाप्त होत आहे.' ती ओळ मी दोनदा वाचली. वर्ग बंद होतो हे वर्गातल्या बाईला तिच्याच नावाच्या लेखातून समजते, हे आमच्या अमडापुरातच होऊ शकते.

म्हणून हा लेख मी लिहिला. शुद्धलेखन प्रकाशभाऊंनी तपासावं, बाकी एक ओळ हलवू नये, या अटीवर दिला. आता रीतीप्रमाणे पहिल्या ओळखीपासून सांगते.

सहा वर्षं झाली. चिखलीच्या स्टँडवर अमडापूरची जीप भरत होती. मागच्या बाकावर चौघींच्या जागी सहा जणी, माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत औषधाची बाटली. वांग्यावर शेंडा पोखरणारी अळी पडली होती. बाजूला चष्मा लावलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न विचारता माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"कशाचं औषध घेतलं?"

"वांग्याचं. अळीचं."

"हे अळीचं नाही. तण मारायचं आहे. वांगी जळतील."

"दुकानदारानं देल्लं ना!"

"दुकानदाराने दिलं. पण बाटलीवर लिहिलं ते कंपनीने."

मला वाटलं, आता या म्हणतील, चला, मी येते दुकानात, मी बोलते त्यांच्याशी. शिकलेली माणसं असंच करतात, आणि आपण त्यांच्या मागे हात बांधून उभं राहतो. या तसं काही म्हणाल्या नाहीत. "उतरा. बदलून आणा. पुढच्या वेळी मी जीपमध्ये नसेन."

ड्रायव्हर ओरडत होता, "मावशी, उतरता का बसता? सवारी खोळंबून राह्यली!" मी उतरले. राग दुकानदाराचा यायला पाहिजे होता, आला या बाईंचा. बाटली बदलून घेतली, वांगी वाचली, तरी राग आठ दिवस होता. नवव्या दिवशी चौकशी करत मी त्यांच्या दारात गेले. वानखडे मॅडम म्हणजे शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, हे तेव्हा समजलं. देवळामागच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत त्या दर बुधवारी तीन बायकांना शिकवत होत्या. मी चौथी. आज आम्ही अकरा आहोत.

मॅडमच्या वर्गात पुस्तक नाही. प्रत्येकीनं बुधवारी घरातली एक रिकामी वस्तू आणायची, जिच्यावर इंग्रजी लिहिलं आहे. गोळ्यांचं पाकीट, बियाण्याची पिशवी, साबणाचा कागद, खताची गोणी. त्यावरची नावं वाचायची. वस्तूचं नाव म्हणजे नाऊन. पाच नाऊन वाचता आले की ती वस्तू फळीवर ठेवायची, नाही आले तर परत घरी न्यायची. कोणाच्या पिशव्या महिना महिना घर-वर्ग करत. मॅडम म्हणत, जी वस्तू तुम्ही विकत घेता तिचं नाव तुम्हाला वाचता आलं पाहिजे, बाकी इंग्रजी नंतर बघू.

गावानं याला भंगारशाळा नाव ठेवलं. बुधवारी पिशव्या घेऊन निघालो की पारावरून आवाज यायचा, "काऊन व, भंगार इकाले चाल्ल्या का? काय भाव लागला आज?" आमच्यात सगळ्यात मोठ्या पार्वताबाई, सत्तरीच्या. त्यांनी एकदा उत्तर दिलं, "तुमाले घालू का गोनीत? पन तुमच्यावर काहीच लिवेल नाही." त्यानंतर भाव कोणी विचारला नाही.

याच पार्वताबाईंना प्रोनाऊन शिकवताना मॅडमनी नवऱ्याचं नाव विचारलं. पार्वताबाईंनी तोंडावर पदर घेतला. "ते," म्हणाल्या. मॅडमनी जोर केला नाही. फळ्यावर 'तो'साठीचा इंग्रजी शब्द लिहिला आणि म्हणाल्या, "पार्वताबाई, पन्नास वर्षं तुम्ही प्रोनाऊनच वापरता आहात. तुम्हाला हा धडा माफ." आम्ही हसलो, मॅडम हसल्या नाहीत. त्या फार हसत नाहीत.

पार्वताबाईंना मोतीबिंदू होता. फळा दिसेना. एका बुधवारी मॅडमनी त्यांच्या पुढ्यात अक्षरं ठेवली, ज्वारीच्या धांड्याची साल वाकवून, दोऱ्यानं बांधून केलेली. हातानं चाचपायची. सव्वीस अक्षरं, एपासून झेडपर्यंत. धांड्याची साल पात्यासारखी कापते हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगावं लागत नाही. मॅडमच्या चार बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. "हाताले काय झालं?" मी विचारलं. "बियाण्याची पिशवी वाचा," त्या म्हणाल्या. एवढंच.

कौतुक करण्यात मॅडम कंजूष आहेत, हे गौरवलेखात लिहिलं तरी चालेल, कारण खरं आहे. सहा वर्षांत मला त्या एकदाच 'बरं' म्हणाल्या. मिरचीच्या तोडणीत मला घरचा अभ्यास झाला नाही, तेव्हा मी तो घरून, म्हणजे यांच्याकडून, लिहून नेला. मॅडमनी वही बघितली.

"हे तुमचं अक्षर नाही."

"यांचं हाय."

"छान आहे. यांना पाठवा पुढच्या बुधवारी. तुम्ही आला नाही तरी चालेल."

माझे कान तापले. घरी येऊन मी ती पानं फाडली आणि दहा ओळी माझ्या वाकड्या अक्षरात लिहिल्या. त्या वाकड्या ओळींवर मॅडमनी 'बरं' लिहिलं. तेच ते एकदा. आता प्रकाशभाऊ, तुम्हीच सांगा, एवढं झाल्यावर मी तुमच्या प्राध्यापकाच्या लेखाखाली सही कशी करू? तुम्हीपण त्यांचेच विद्यार्थी ना?

पुढच्या हंगामात मी त्याच दुकानात गेले. दुकानदारानं बाटली काढून दिली. मी काउंटरवरच चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"मावशी, तुमाले काय समजते त्यातलं?"

"हर्बिसाइड समजते. तनाचं हाय हे. नाऊन हाय ते, आन् मले नको."

त्यानं बाटली बदलली. मागच्या रांगेतल्या दोघांनी आपापल्या बाटल्या माझ्यापुढे धरल्या, "मावशी, हे काय हाय पाहा जरा." मी वाचून दिल्या. हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनाही बुधवार सांगायचा होता."

मॅडमची आणखी एक गोष्ट. त्या आम्हाला तुम्ही म्हणतात. अकराही जणींना. मला माहेरी, सासरी, बाजारात, दवाखान्यात कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं. आता म्हणतात, पण पहिल्यांदा म्हणाल्या त्या मॅडम, त्या जीपमध्ये, आणि तेही उतरा म्हणण्यासाठी.

तो टाइप केलेला लेख वाचल्यावर मी मॅडमकडे गेले. वर्ग बंद होतो का, म्हणून सरळ विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "खोली समितीकडे गेली आहे. माझ्या नावाचं वाचनालय करणार आहेत म्हणे. आणि मला आरामखुर्ची देणार आहेत."

"मंग तुमी काय म्हनल्या?"

"विचारलं नाही तर काय म्हणणार, कुसुमताई? खुर्ची चांगली आहे. वर्गात ठेवता आली असती."

स्वतःसाठी मागणं त्यांना येत नाही, ते शिकवण्याची अक्कल आमच्यात नाही.

तिथून मी खोलीवर गेले. समितीनं फोटो काढण्यासाठी खोली साफ केली होती. फळी रिकामी. सहा वर्षांचे डबे, पाकिटं, पिशव्या, पार्वताबाईंची धांड्याची अक्षरं, सगळं भंगारवाल्याला दिलं. प्रकाशभाऊ दारात उभे होते, खूश होते. "पाहा ताई, खोली कशी चकाचक केली! मॅडमसाठी!" त्यांनी जाणून केलं नाही, हे मी मान्य करते. मॅडमचा गौरव करायचा म्हणून त्यांनी मॅडमची पुस्तकं विकली, आणि ती पुस्तकं आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. सत्कार करणारा एकही माणूस कधी बुधवारी आत येऊन बसला नाही, त्याचं हे फळ.

मी भंगारवाल्याला गाठलं. अर्धं गेलं होतं, अर्धं मिळालं. अक्षरं मिळाली, सतरा. बाकीची नऊ पार्वताबाई आता स्वतः करताहेत, ऑपरेशन झालं आहे, दिसतं त्यांना.

मॅडमना पंच्याहत्तरावं लागलं. रीत म्हणून नाही, गरज म्हणून मागते. त्यांना पुढची पंचवीस वर्षं धडधाकट मिळावीत. गुडघे चालावेत, चष्म्याचा नंबर वाढू नये, आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत राहावा. सहा वर्षांत आमचे नाऊन झाले, प्रोनाऊन झाले. व्हर्ब अजून बाकी आहेत, आणि मॅडम म्हणतात की खरं काम तिथेच सुरू होतं. अकरा बायकांचं अर्धं शिक्षण हवेत टांगून कोणाला कृतार्थ होता येत नाही.

हा ग्रंथ रविवारच्या सत्कारात सगळ्यांच्या हातात पडेल. वाचनालय करा, संगमरवरी पाटी लावा, मॅडमचं नाव मोठ्या अक्षरात कोरा, आमचं काही म्हणणं नाही. बुधवारी दुपारी चार ते सहा खोली कोणाची, चावी कोणाकडे, एवढं लिहून द्या. परत आणलेल्या डब्यांची गोणी माझ्या ओसरीवर पडली आहे. बुधवारी ती डोक्यावर घेऊन मी निघणार, माझ्या मागे दहा जणी, आणि मॅडम नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी पोचलेल्या असतील. त्यांना कुलपापुढे उभं राहायला लागलं तर ती शाल, तो नारळ आणि ती खुर्ची कोणत्या तोंडानं दिली, हे समितीनं ठरवावं.

उत्तर मंगळवारी दिवे लागायच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे. तोंडी नको, लिहून. मला वाचता येतं.

खाली सही माझीच आहे.

कुसुम राऊत
अमडापूर