वाघरीच्या मापाची बाभळ

पिशोरकडच्या रानात आक्काबाईची मेंढरं बसवून घ्यायला शेतकरी हातापाया पडायचे. सुगी सरली की शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, ठोकायचं अन् रात्रभर मेंढरं आत कोंडायची. लेंड्यांनी रान सुधारतं, धनगराच्या घरी ज्वारी येते. आक्काबाईचा जन्म यातच गेला. तोंडाची लई फटकळ, पण मेंढराला तिनं कधी उपाशी निजवलं नाही.

यंदा गावानं नाला मोकळा केला. येडी बाभळ दोन्ही काठांनी अशी माजली होती की पाणी पुढं सरकेना अन् खालचा पाझर तलाव भरेना. ती मुळासकट काढली. मग एक दिवस काकासाहेब स्वतः आले. दरसाल मेंढरं त्यांच्याच शेतात बसायची.

"आक्का, यंदा मेंढरं नका आणू. लेंड्यांतून बाभळीचं बी येतंय."

"अगं बया!" आक्काबाई कडाडली. "इतकी वर्षं खत ग्वाड लागलं, अन् आता माझी मेंढरं वाईट व्हय? दाखवा मला!"

त्यांनी नेऊन दाखवलं. गेल्या साली वाघर ठोकलेला तुकडा पुढं पडीत राहिला होता. तिथं बाभळीची गुडघाभर रोपं उभी, नेमकी वाघरीच्या मापात, चौकोन धरून. बाहेर एकही नाही. आता बोला!

आक्काबाईनं वाकून एक रोप निरखून पाहिलं. उन्हाळ्यात चारा कुठला? ती स्वतःच आकडीनं बाभळीच्या शेंगा पाडून मेंढरांना चारायची, अन् भरल्या पोटी त्यांना इथं आणायची. करायला गेली काय अन् वर झाले पाय! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कळप विकून टाकावा, असंही मनात आलं. पण मग दिवसभर या हातांनी करायचं काय?

दुसऱ्या सकाळी ती काकासाहेबांच्या दारात उभी.

"मालक, शेंगा तर सुटायच्या नाय. पण पोटातलं बी पडून जाईस्तोवर मेंढरं माझ्या टेकडीखालच्या तुकड्यात कोंडते. रान माझं, कडबा तुमचा. मग इकडं आणते."

"अहो आक्का, मग तुमच्या रानात उगवंल की!"

"उगवू द्या. उपटाया मी हाय. तुमच्यात कोण हाय?"

काकासाहेबांची दोन्ही पोरं शहरात नोकरीला होती, सणालाच यायची.  ते धोतराचा सोगा खोचून कडब्याच्या पेंढ्या काढायला गंजीकडं गेले.