चार वेढे जायफळ

"डॉक्टर, झोया उठतच नाहीये," असं म्हणत रुबिनाने तीन महिन्यांचं बाळ थेट माझ्या टेबलावर ठेवलं. तपासणीची खाट दोन पावलांवर होती, पण तिला ती दिसलीच नाही. मी चहाचा कप उचलून खिडकीत ठेवला.

मी घोटावड्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. सहा खाटांचं हॉस्पिटल, एक मॉनिटर आणि माझ्यापेक्षा जास्त दरारा असलेल्या सुनीता सिस्टर. रुबिना बँकेत आहे, सध्या मॅटर्निटी लीव्हवर. महिन्याभरापूर्वीच ती नवरा आणि सासूसोबत इथल्या एकत्र घरातून पुण्याजवळच्या सूसमध्ये फ्लॅटवर राहायला गेली होती; थोरला दीर इथेच राहिला. तिच्या मागून तिची सासू, हमीदाचाची, धापा टाकत आली.

झोयाच्या तळपायावर टिचकी मारली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. सकाळपासून दूध नाही. ताप नाही. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन शुगर पाहिली, नॉर्मल. ऑक्सिजन ठीक, नाडी जरा जास्त. तान्हं मूल असं पेंगतं तेव्हा आम्हाला आधी मेंदूज्वर आठवतो. भीती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हा आमच्या नोकरीचाच भाग.

"काही औषध दिलं?"

"तुमचे व्हिटॅमिनचे थेंब. बाकी काही नाही."

"सर्दीचं? पोटदुखीचं? मेडिकलमधून आणलेलं?"

"नाही हो."

चाचींना विचारलं. "न्हाई, डॉक्टरबाई. अवशीद कशाला?"

श्वास बघायला खाली वाकले, तर बासुंदीचा वास. मला भास झाला असेल म्हणून सिस्टरना बोलावलं. त्यांनीही वास घेतला. "श्रीखंड," त्या म्हणाल्या.

तीन महिन्यांचं बाळ दोन्हींपैकी काही खात नाही. मी वळले. "चाची, जायफळ दिलंय?"

"व्हय. घुटीत."

"मग मगाशी औषध नाही म्हणालात?"

"घुटी हाय ती. अवशीद कुटं हाय?"

घुटी आपल्याकडे घरोघरी असते. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ अशा वस्तू दुधात सहाणेवर उगाळायच्या आणि बाळाला चाटवायच्या. माप ग्रॅममध्ये नाही, वेढ्यांमध्ये. सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. जायफळाने झोप येते, म्हणूनच ते देतात. जास्त झालं तर नको तितकी येते.

"किती वेढे?"

"चारच. नव्या घरात पोर झोपंना, म्हणून काल राती दिले. माज्या पाची पोरांना चारच दिलेत, एकालाबी काय झालं न्हाई."

पुण्यातल्या माझ्या सीनियरना फोन लावला.

"मॉनिटर आहे?"

"आहे."

"ॲम्ब्युलन्स?"

"दारात उभी केलीय."

"श्वास जरासा मंदावला तरी निघ. मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस."

झोयाला सलाईन लावलं, मॉनिटर जोडला, रक्त तपासायला पाठवलं आणि आम्ही बसून राहिलो. चाची स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्या इख घातलं व्हय पोरीला?"

हात तोच, जायफळ तेच, वेढे तितकेच. मग पाच पोरं धडधाकट आणि ही एक अशी का? मी एकेक गोष्ट विचारत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "सहाण तेवढी नवी हाय. जुनी थोरल्या पोराकडंच ऱ्हायली. परवा पौडच्या बाजारातनं दुसरी आणली."

दोन्ही सहाणा मागवल्या. जुनी आली थोरल्याच्या घरून, नवी सूसहून. सिस्टरनी टेबलावर पेपर अंथरला. चाचींनीच जायफळ हातात घेतलं. जुन्या सहाणेवर चार वेढे दिले, दगडावर जेमतेम ओला पट्टा उमटला. ती सहाण वर्षानुवर्षं वापरून आरशासारखी गुळगुळीत झाली होती. नवीवर चार वेढे दिले, तर चांगला दाट गंध साचला. चाची त्याच्याकडे बघतच राहिल्या. रुबिनाने सासूच्या हातातून जायफळ काढून घेतलं आणि तो हात तसाच धरून ठेवला.

रक्ताचे रिपोर्ट नीट आले. चारच्या सुमाराला झोयाने पहिला टाहो फोडला. भूक लागली होती. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर वडापाव संपवून रिकामी गाडी घेऊन गेला. त्या रात्री झोयाला ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

जाताना मी सांगितलं, "सहा महिने फक्त आईचं दूध आणि मी दिलेले थेंब. घुटी बंद."

"जुन्या सहाणेवर एक येढा?" चाचींनी घासाघीस केली.

"अर्धासुद्धा नाही."

"बरं. मंग मालिश तरी करू दे."

"ती रोज करा."

नंतर केसपेपर लिहायला बसले. 'औषधे' या रकान्यात मी आधीच 'काही नाही' असं लिहून ठेवलं होतं. चाची एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. मी विचारलं औषधाचं, त्यांनी औषधाचं सांगितलं. इतकी वर्षं मी हाच प्रश्न शेकडो घरांना विचारला होता आणि प्रत्येक वेळी 'काही नाही' लिहून निर्धास्त झाले होते.

तो रकाना आता काढून टाकला आहे. त्या जागी छापलंय, 'आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काय काय गेलं?' पहिल्याच आठवड्यात छापखान्याला फोन करावा लागला. उत्तराला जागा कमी पडत होती.