पाटीला हात

समुद्रकाठच्या पाचूबंदरची ती कोळीण वटार गावी आमच्या वाडीत यायची तेव्हा रहाटाला बैल जुंपलेला असायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, डोक्यावर मासळीची पाटी. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला ती आवडायचीच नाही. अंगणात आली की हाक माझ्या सासूला, "आये, पाटीला हात लाव गो!" सासूचे हात थरथरायचे, तरी ती उठायची. दोघी मिळून पाटी उतरवायच्या आणि हसत बसायच्या. सासूचं न्हाणं-धुणं, पेज-पाणी मी करायची, रोझरीच्या प्रार्थनेत तिच्यासाठी मागायची मीच. माझ्याकडे बघून ती कधी अशी हसली नाही.

एकदा मला राहवेना. पुढे होऊन मीच पाटी उतरवली. कोळीण शांतपणे म्हणाली, "आता परत डोक्यावर दे." मी दिली. ती कुंपणापर्यंत गेली, वळून आली आणि तशीच हाक मारली, "आये, हात लाव गो!"

मासळी देताना मला हळूच म्हणाली, "तू तिचं सगलं करतेस गो. तिला काय करू देतेस?"

संध्याकाळी मी सासूपुढे लसूण सोलायला ठेवला. ती माझ्याकडे बघून हसली, अगदी तशीच. आणि मी पुन्हा जळले. ते हसूसुद्धा त्या कोळणीनेच मला दिलं होतं.