‘मी मिश्री सोडली’ हे प्रकरण

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. ते उरणला कंटेनरच्या कामावर असतात, शनिवारी येतात, रविवारी जातात; तेवढ्या वेळात बाईमाणूस काहीही लपवू शकतं. पण तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या गावचे नाही, ते एक बरं आहे.

मी म्हसळ्याजवळच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवते. आणि मुलांसाठी पुस्तकं लिहिते — गोष्टींची नव्हे, वाढत्या वयातल्या अडचणींची. पाळीवर एक, मोबाइलच्या नादावर एक, परीक्षेच्या धास्तीवर एक. घरात ज्यावर कुणी बोलत नाही ते बाईंनी छापून आणलं, असं एका सत्कारात कुणीतरी म्हणालं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय हा विनय!

कारण चौथं पुस्तक तंबाखूवर होतं. आणि सगळी गोची तिथेच आहे.

मिश्री माहीत आहे ना? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी मागच्या पायरीवर बसून बोटाने दातांना लावायची. आमच्याकडच्या बायका याला व्यसन म्हणतच नाहीत. दात घासणं म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या शेजारी बसून दात घासायला लागले — आणि अजून घासतेच आहे. हां. आलं एकदाचं तोंडातून. पण थांबा. एवढंच असतं तर कबुली कसली द्यायची? निम्मं गाव घासतं.

झालं असं, की प्रकाशक म्हणाले, मुलांना उपदेश नको असतो, स्वतःचा अनुभव लिहा. आता अनुभव लिहायचा म्हणजे आधी सोडायला नको? मी मनात म्हटलं, पुस्तक छापून येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातील, तोवर सोडून टाकू. म्हणून शेवटचं प्रकरण आगाऊच लिहून दिलं — ‘मी मिश्री सोडली’. तलफ आली की उठायचं आणि अंगण झाडायला घ्यायचं, असा उपायही त्यात घातला. छान उतरलंय हो ते. वाचताना माझेच डोळे भरून आले.

पुस्तक वेळेवर आलं. मी मात्र —

मग काय, शाळाशाळांतून बोलावणी. टाळ्या, श्रीफळं. आणि घरी वेगळीच कसरत. मिश्री भाजली की वास आळीभर जातो, माणसं खोकत सुटतात. म्हणून त्या दिवशी मी बाजूच्याच चुलीवर सुकटही, म्हणजे वाळवलेली बारीक मासळी, भाजते. सुकटीच्या वासापुढे कुणाचं काही चालत नाही. आता आळीत माझी ख्याती अशी, की बाईंना सुकट फार आवडते. सणासुदीला लोक पेढ्यांऐवजी सुकट आणून देतात. मला सुकट बिलकूल आवडत नाही.

हसलात? हसा. इथपर्यंत मीही हसतच होते.

सानिका माझ्या नववीच्या वर्गात. तिच्या आईला, सुगंधाला, गालाच्या आतून पांढरा चट्टा आला होता. माणगावच्या डॉक्टरांनी बजावलं — मिश्री आजपासून बंद, नाहीतर पुढे अवघड आहे. पोरगी घाबरली. तिने माझं ते प्रकरण आईला वाचून दाखवलं आणि आईची डबी खाडीत फेकून आली. सुगंधाने खरोखरच सोडली! तलफ आली की झाडू. स्वतःचं अंगण संपलं की दिराचं, मग देवळापुढचं. वाडी इतकी लख्ख झाली की ग्रामसेवक फोटो काढून घेऊन गेले. मी कधी करून न पाहिलेला उपाय लागू पडत होता. मला त्याचा अभिमान वाटला — सांगायला लाज वाटते, पण वाटला.

मग भातकापणीचे दिवस आले. शेतावर बायकांच्या घोळक्यात कुणीतरी डबी पुढे केली आणि सुगंधाचं बोट आपसूक आत गेलं. सानिकाला कळलं. तिने आईशी बोलणं टाकलं. बोललीच तर एकच — ‘‘बाईंना जमला, मंग तुला कसा न्हाय जमत?’’

हे ऐकलं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, नाही का?

एका सकाळी सुगंधा थेट माझ्या मागच्या दारी आली. मी पायरीवर, तोंडात मिश्री. बोट पदराला पुसलं, ओठ घट्ट मिटले. खरं तर वासानेच तिने ओळखलं असतं, पण रडून रडून तिचं नाक चोंदलं होतं. ती समोर जमिनीवरच बसली.

‘‘बाई, माज्याकडनं न्हाय झाला. तुमच्यावानी घट मन न्हाय माजा. पोर तोंड बगत न्हाय. मीच खोटी हाय.’’

मी गप्प. बोलणार कशी? तोंड भरलेलं! तिला वाटलं, बाई रागावल्या. ती आणखीच रडायला लागली. तेव्हा काय करायला हवं होतं ते मला कळत होतं — पुरतं कळत होतं. समोर माड होता. त्याच्या बुंध्याशी थुंकले असते, माझं काळं तोंड तिला दाखवलं असतं, तर तिचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. लेकीपुढे तिला मान वर करता आली असती. कुणी सांगावं, दोघींनी मिळून सोडलीही असती. माझी अब्रू गेली असती, एवढंच.

मी मिश्री गिळली.

मिश्री पोटात गेली की डोकं गरगरतं. माड डोलायला लागला, उचकी लागली. मी दाराची चौकट धरून कशीबशी उभी राहिले. सुगंधाने माझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि माफ करा म्हणाली.

आणि मी उचकी दाबत म्हणाले, ‘‘केलं माफ. पण पुन्हा असं करू नकोस.’’