झाकलेलं मीठ

मीठमास्तर कुठल्याही भिंतीला आधी बोट लावत आणि मग ते बोट जिभेला. आमच्या रोह्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवायला आले, त्याच दिवशी त्यांनी वर्गाची भिंत चाखली आणि हेडमास्तरांच्या देखत सांगितलं, "खारट हाय. रंग धरायची नाय." रंग खरंच धरला नाही. पोरांनी त्यांचं बारसं त्याच आठवड्यात उरकलं.

घर पेणच्या खाडीकाठी. आईबाप मिठागरात राबलेले. तरुणपणी ते पेणच्या गणपती कारखान्यात साचे करायला शिकले, मग मुंबईच्या कलाशाळेत गेले. परतले ते भिंतीवर टांगता न येणाऱ्या कलेचं वेड घेऊन. तिला ते 'मांडणी' म्हणत. मी मराठीचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. "कळू नका देऊ. नुसतं उभं राहा," म्हणायचे.

बंद पडलेल्या मिठागरात तीन उन्हाळे खपून त्यांनी स्वतः मीठ पिकवलं आणि साच्यांत ठोकून तीस बाया उभ्या केल्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या. वैशाखी पुनवेच्या भरतीला बांध फोडायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाया विरघळू द्यायच्या, अशी ती मांडणी. मुंबईहून जाणकार मंडळी यायची होती. मास्तरांचं आयुष्यभराचं काम त्या एका दिवसावर येऊन ठेपलं होतं.

आदल्या दिवशी पाहुण्यांची सोय बघायला ते पेणला गेले. परतून बघतात तो तीसही बाया पेंढ्याने शाकारलेल्या, आणि शेजारी आई धापा टाकत बसलेली. आभाळ भरून आलं होतं, आणि मिठाची रास उघडी टाकायची नाही हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. "उगडा मीठ टाकून गेलास? बापानं ह्येच शिकवलान तुला?"

जन्मात पहिल्यांदा तिने लेकाच्या कामाला हात लावला होता. तो पेंढा उपसून टाकणं मास्तरांना जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, "काम कुठे आहे?"

"झाकलंय."

"मग काढा ना ते."

"आयेनं झाकलंय."

पाहुणे घड्याळ बघत निघून गेले. मी तिथेच होतो, आणि खरं सांगायचं तर मला राग मास्तरांचाच आला. म्हातारीने घाबरून विचारलं, "माजा काय चुकला का रं?"

"नाय गो आये. ब्येस केलंस."

बांध त्यांनी फोडला नाही. पुढल्या अवसेच्या उधाणाने तो आपला आपण फुटला. डागडुजी करणारी माणसं केव्हाच कंपनीत शिफ्टला लागली होती. सकाळी पाण्यावर नुसता पेंढा तरंगत होता. मास्तरांनी पुन्हा काहीही मांडलं नाही.

दिवाळीनंतर म्हातारी गेली. त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून कडू घासाचा पिठलंभात मी घरून नेला. मास्तर जेवले. "मीठ बरोबर आहे ना?" मी सवयीने विचारून गेलो.

"बरोबर हाय."

घरी येऊन उरलेलं पिठलं मी तोंडात घातलं. बायको गडबडीत मीठ घालायलाच विसरली होती.