थोरलीचे टाके

विकायचं कसं, यातलं थोरलीला ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. प्रदर्शनातल्या टेबलापाशी कुणी नुसतं घुटमळलं तरी तिला वाटायचं, हा माणूस आपला वेळ खातोय. "जरा कमी करा की" म्हणणाऱ्याकडे तर ती अशी बघायची, की तो बिचारा पुढच्या दोन-तीन स्टॉलांवर मुकाट्यानं पूर्ण पैसे मोजायचा. शेवटी धाकटीनं हात टेकले आणि तिला मागे बसवलं. लोकांकडे पाठ, तोंड भिंतीकडे, मांडीवर कापड. थोरलीनं शिवायचं, धाकटीनं विकायचं. दोघी जावांची ही वाटणी वर्षानुवर्षं चालली.

दोन सख्ख्या भावांच्या या दोघी बायका. धाकटी थोरलीला 'ताई' म्हणायची, अहो-जाहो करायची. थोरली मात्र 'अगं ए'वर भागवायची. कापडाचे उरलेसुरले तुकडे जोडून थोरली दुलया करायची, उशांचे अभ्रे करायची, पिशव्या करायची. घरात शिवणयंत्र होतं, पण ते नवऱ्यांच्या विजारी आखूड करण्यापुरतं. दुलईवरचा धावदोरा हाताचाच, आणि तोही न आखता. पट्टी लावा, खडूनं ओळ मारा, असं कुणी सुचवलं की ती विचारायची, मग डोळे काय शोभेला दिलेत?

आता धाकटी स्वतःच म्हातारी झाली आहे. त्या दिवसांची आठवण आली, की तिला बसल्या जागी हसू येतं. काय ते दिवस! पहाटेच्या थंडीत गाडीत गाठोडी कोंबायची, थर्मासातला चहा दोघींनी एकाच कपातून प्यायचा, आणि हॉल जवळ आला की टेबल कुठलं मिळतंय याची धाकधूक. दारापाशी मिळालं तर लोक आत शिरायच्या घाईत थांबत नाहीत. पार टोकाला मिळालं तर तिथवर पोचेतो त्यांची पाकिटं हलकी झालेली. एकदा शेजारी कढया विकणारा आला. दिवसभर माइकवरून ओरडत अंडी तळत होता मेला, घरी आल्यावर सगळ्या दुलयांना तेलाचा वास. एकदा मैदानात वारा सुटला आणि डोक्यावरचा तंबू उडाला. दोघी आपापल्या दुलईवर अंग टाकून आडव्या पडल्या होत्या आणि एक गृहस्थ वाकून थोरलीला तिच्या अंगाखालच्या दुलईची किंमत विचारत होता.

एका वर्षी दुपारच्या आत सगळा माल खपला. रिकाम्या टेबलामागे बसून करायचं काय, म्हणून दोघी इतरांच्या स्टॉलांवर बड्या लोकांसारख्या हिंडून आल्या, प्रत्येक वस्तूला नाक मुरडून आल्या. त्याच्या पुढच्याच खेपेला काय खपलं, तर टाचण्या टोचायची एक छोटी उशी. तीही हॉलच्या रखवालदारानं दया येऊन घेतली. परतताना थोरली म्हणाली, बास झालं, आता पुन्हा नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी उठून बघते, तर ही बया खिडकीपाशी बसून निळे तुकडे निवडतेय.

खरं सांगायचं तर धाकटीला दुलयांपेक्षा त्या प्रवासाचं वेड होतं. घरात दोघींचं बोलणं म्हणजे गॅस बंद केलास का आणि दूध उतू गेलं का, एवढंच. गाडीत बसलं की थोरलीची जीभ सुटायची. माहेरच्या भानगडी सांगायची, सासऱ्यांच्या नकला करायची. सासरे हयात असते तर त्यांना झीट आली असती.

मग थोरलीचा उजवा हात थरथरायला लागला. आधी तिनं दिव्याला दोष दिला, म्हणून दिवा बदलला. मग चष्मा बदलला. मग म्हणाली, हल्ली दोराच चांगला येत नाही. इस्त्री करायचं काम धाकटीचं, त्यामुळे पहिल्यांदा तिलाच दिसलं. एक टाका लांबलचक, पुढचा उगाच आखडलेला, आणि ओळ तिरपी होऊन शेजारच्या रंगात शिरलेली. सांगावं तर थोरलीचा स्वभाव म्हणजे एक घाव दोन तुकडे. ती सुई कायमची खाली ठेवणार. सुई ठेवली की प्रदर्शनं संपली, आणि गाडीतली ती निराळी थोरलीही संपली.

म्हणून धाकटी मूग गिळून बसली. दुपारी थोरली आडवी झाली, की ही मागच्या खोलीचं दार लोटून वाकडे टाके उसवायची आणि तिथं नवे घालायची. शिवायला शिकवलेलं थोरलीनंच. पण पकडले जाण्याची भीती इतकी, की पट्टी लावून ओळ आखायची, टाक्याला टाका मापून घालायची. पुढे पुढे तर बरे असलेले टाकेही उसवायला लागली, कारण नव्या टाक्यांशेजारी ते उठून दिसायचे. तयार दुलई हातात घेऊन थोरली म्हणायची, नवा चष्मा मानवला हो मला. धाकटी मान डोलवायची आणि इस्त्री गरम करायला पळायची.

माशी शिंकली ती पुढच्या प्रदर्शनात. ते फक्त हातकामाचं प्रदर्शन होतं. यंत्रावरचा माल आणला तर टेबल जाणार आणि पुन्हा कधी मिळणार नाही, असा नियम. सकाळपासून लोक रंग बघून थांबायचे, दुलई उलटी करायचे, टाक्यांवरून बोट फिरवायचे आणि ठेवून द्यायचे. एक बाई सोबतच्या मुलीला मोठ्यानंच म्हणाली, चल, हे मशीनचं आहे. धाकटीला आधी राग आला. मग तिनं स्वतः एक दुलई उलटी करून पाहिली आणि तिचा चेहरा पडला. इतके सारखे टाके, की माणसाच्या हातचे वाटतच नव्हते.

कुणीतरी तक्रार केली असणार, कारण दुपारी व्यवस्थापक बाई आल्या. फार सभ्यपणे बोलल्या, ते जास्त लागलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की शंका आली आहे. इथं बसून दोन ओळी शिवून दाखवा, टाके जुळले की प्रश्न मिटला.

थोरली खुर्चीतच वळली. राग कायम नाकाच्या शेंड्यावर असलेली बाई ती. तिनं अंगुस्तान बोटात चढवलं आणि कापड मागितलं. आजूबाजूचे स्टॉलवाले गोळा झाले. थोरली शिवायला बसली तर भर हॉलमध्ये खोटी ठरणार. आपण तोंड उघडलं तर इतके महिने तिच्या पाठीमागे काय चाललं होतं, ते तिला चारचौघांत कळणार. सुईत ओवताना थोरलीच्या हातून दोरा निसटला. तिनं पुन्हा धरला, पुन्हा निसटला. बघणाऱ्यांतलं कुणीतरी खाकरलं. धाकटीला ते बघवेना. तिनं पुढे होऊन सुई काढून घेतली.

"राहू द्या ताई. ते टाके माझे आहेत."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, काही न समजल्यासारखं. धाकटी खाली मान घालून शिवत राहिली. ओळ जुळली, बाई माफी मागून गेल्या, जमलेले लोक पांगले. एका जोडप्यानं तर लगेच एक दुलई घेतलीसुद्धा. थोरली पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. उरलेला दिवस तिच्या मांडीवर काही नव्हतं.

आवराआवर सुरू झाली तेव्हा ती उठली आणि उरलेल्या दुलया एकेक करून उलट्या करू लागली. या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवायची, ठेवायची, दुसरी घ्यायची. सगळ्या झाल्यावर तिनं विचारलं, "यात माझी ओळ कुठली?"

धाकटीनं शोधली. खरोखर शोधली, शिवणींच्या आत, कोपऱ्यांत, जिथं आपला हात पोचला नसेल असं वाटलं तिथं सगळीकडे. एकही नव्हती. तिला रडूच फुटलं.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही शिवणं सोडलं असतंत."

"सुटलं असतं. त्यात काय एवढं?"

"मग मी प्रदर्शनाला कुणाबरोबर आले असते?"

थोरलीनं उरलेल्या दुलयांच्या घड्या घातल्या. गाठोडी बांधली, गाडीत बसली. सगळा रस्ता संपत आला तरी सासऱ्यांचं नाव नाही की माहेरचं नाही. आणि मग समोर बघत बघतच ती हिशोबी आवाजात म्हणाली, की रंग तिला अजून नीट दिसतात, तेव्हा तुकडे ती निवडणार आणि शिवायचं धाकटीनं. इतकी सरळ ओळ पट्टीशिवाय येत नाही, ती पट्टी आधी चुलीत घालायची. आणि विकायला टेबलापाशी ती स्वतः उभी राहणार. धाकटीला पुढच्या गिऱ्हाइकांची आत्ताच दया आली.

आणि खरंच उभी राहिली. पुढच्या प्रदर्शनात धाकटी मागे बसून शिवत होती आणि थोरली टेबलाला दोन्ही हात टेकून उभी होती, उजव्याची थरथर दिसू नये म्हणून. एक वयस्कर बाई आल्या. त्यांनी दुलई उलटीसुलटी करून पाहिली, खूप वेळ पाहिली, आणि कौतुकानं विचारलं, हे तुम्ही शिवलंत?

पाठमोऱ्या धाकटीची सुई थांबली.

"नाही," थोरली म्हणाली. "ही माझी धाकटी जाऊ बसलीय ना मागे, तिनं. हात लावून बघा की. असा हात शोधून सापडायचा नाही."

त्या बाईंनी दुलई घेतली की नाही, ते धाकटीला आजही सांगता येत नाही. तिला मांडीवरचा टाकाच दिसत नव्हता.